दोर विहिरीचा, वाट बर्फाची

देवगिरीच्या बारादरीवर पाणी ओतल्याबद्दल मी बोलणी खाल्ली, तिथून या प्रकरणाची खरी सुरुवात झाली.

बर्फाच्या डोंगरांत स्कीवरून भटकायचं होतं, त्यासाठी मला एका दिवसात हजार मीटर चढायची सवय करायची होती आणि मराठवाड्यात सलग हजार मीटरचा चढ कुठेच नाही. नोकरी संभाजीनगरात, त्यामुळे रविवारी सकाळी दौलताबाद गाठायचो. पायथ्यापासून बारादरीपर्यंत साधारण दोनशे मीटर. पाच वेळा वर-खाली केलं की झाले हजार. पाठीवर दोन-दोन लिटरच्या सहा बाटल्या. चढताना ओझं हवं, उतरताना गुडघे सांभाळायला ते नको, म्हणून वर गेलं की बाटल्या रिकाम्या करायच्या आणि खाली येऊन पुन्हा भरायच्या. पुस्तकात वाचलेली युक्ती. लिहिणाऱ्याच्या गावाला पाऊस बरा होत असणार.

दुसऱ्याच फेरीला झाडलोट करणाऱ्या मावशींनी पाहिलं. "पानी सांडूलालास व्हय रे बाबा? घरी नळाला रोज येतंय का?" मी लातूरचा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमच्या गल्लीत रात्री दोन वाजता घागरी वाजत होत्या, त्या रांगेत मीही होतो. काय उत्तर देणार? मावशींनी कडुनिंबाची दोन रोपं दाखवली. तेव्हापासून दर रविवारी पहिल्या फेरीचं पाणी त्या रोपांना जायचं आणि पुढच्या चार फेऱ्या तेवढ्याच वजनाची वाळू वर जायची आणि खालीही यायची. गुडघे दुखले ते दुखले.

हे सगळं स्की टूरिंगसाठी. सिनेमात दिसतं तसं पाळण्यात बसून वर जायचं आणि घसरत खाली यायचं, ते हे नव्हे. इथे पाळणा नसतो. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, त्यांना स्किन म्हणतात. मांजराच्या अंगावरून हात फिरवल्यासारखं आहे: केस एका दिशेला गुळगुळीत, उलट्या दिशेला अडणारे. त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. टाच मोकळी ठेवायची आणि चालत डोंगर चढायचा. वर पोचल्यावर पट्ट्या काढायच्या, टाच अडकवायची आणि उतरायचं. गुलमर्गला प्राथमिक कोर्स केला होता. पुढे कंपनीनं दोन वर्षं जर्मनीत पाठवलं तेव्हा तिथे सवय लागली. नांदेडचा एक मित्र तिथेच भेटला. परत आल्यावर दोघांनी ठरवलं, एकदा ओत रूट करायचा: फ्रान्समधल्या शामोनीपासून स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटपर्यंत, हिमनद्यांवरून, सहा-सात दिवस. ही वाट आधी उन्हाळ्यात पायी जाणाऱ्यांनी शोधली, एकोणिसाव्या शतकात. स्कीवर पहिला प्रयत्न १९०३ चा आणि ती पूर्ण झाली १९११ मध्ये. गाइड ठरवला होताच. पण नुसतं गाइडच्या पाठीमागून शेपटासारखं जायचं नाही, वाट आपल्यालाही कळली पाहिजे, असा माझा हट्ट होता. निम्मा वर्षभराचा वेळ त्या हट्टानं खाल्ला.

स्विस नकाशे पाहिले नसतील तर एकदा जरूर बघा. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, तीन रंगांत असतात: मातीवर तपकिरी, खडकावर काळी, हिमनदीवर निळी. १:२५,००० च्या नकाशात डोंगराळ भागात दर २० मीटरला एक रेघ आणि दर १०० मीटरला जाड रेघ. आता हिशोब असा. हिमस्खलनाचा, विशेषतः बर्फाचा थरच्या थर निसटण्याचा धोका मुख्यतः तीस अंशांपेक्षा तीव्र उतारावर. तीस अंशांच्या उतारावर शंभर मीटर चढायला आडवं अंतर येतं १७३ मीटर, म्हणजे नकाशावर जेमतेम सात मिलिमीटर. दोन जाड रेघांमध्ये सातपेक्षा कमी मिलिमीटर दिसले की जपून. ऑनलाइन नकाशात हे उतार आयतेच रंगवलेले मिळतात: ३० ते ३५ पिवळा, ३५ ते ४० केशरी, ४० ते ४५ लाल, त्यापुढे जांभळा. पण मी आधी पट्टीनं मोजलं आणि मग रंगांशी ताडून पाहिलं. चार ठिकाणी चुकलो. चारही वेळा उतार खरा होता त्यापेक्षा सौम्य धरला होता, ही गोष्ट मला आवडली नाही.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त, शेवटची बरीच वर्षं मांजरा धरणावर. रात्री जेवणानंतर डायनिंग टेबलावर नकाशा पसरला की ते चष्मा लावून यायचे. समोच्च रेषा त्यांना मला शिकवायला लागल्या, मी त्यांना नाही. "हे इथं रेघा जवळ येऊन परत लांब गेल्यात बघ, म्हणजे जमीन इथं पोट काढून खाली उतरते." अशा पोट काढलेल्या ठिकाणीच हिमनदी फाटते. खालचा तळ एकदम तीव्र झाला की वरचा बर्फ ताणला जातो आणि आडव्या भेगा पडतात. त्या जागांवर आम्ही पेन्सिलीनं फुल्या मारल्या.

वेळेचा हिशोब वेर्नर मुंटर या स्विस गाइडच्या पद्धतीनं केला. दर शंभर मीटर चढाला एक आणि दर किलोमीटरला एक, बेरजेला चारनं भागायचं, आले तास. एका दिवसाचं उदाहरण: दिस नावाच्या झोपडीपासून (झोपडी म्हणजे डोंगरातली मुक्कामाची जागा) पिन्य दारोला शिखरापर्यंत चढ सुमारे ९०० मीटर, अंतर सहा किलोमीटर धरलं. नऊ आणि सहा पंधरा, भागिले चार, पावणेचार तास. माझ्या चालीसाठी वर एक तास. शिखर ३,७९० मीटरच्या आसपास, आणि त्याच्या आधी सर्पांतीन नावाची बर्फाची उभी भिंत.

त्या भिंतीजवळ बाबांचं बोट थांबलं. "इथून परत फिरायची वेळ कुठं लिहिलीस?" मी म्हटलं, ते तिथे गेल्यावर हवा बघून ठरतं. ते म्हणाले, "आमच्याकडं कोणत्या पातळीला किती दारं उचलायची ते वहीत आधीच लिहिलेलं असायचं. रात्री तीनला पाऊस कोसळताना माणसाला डोकं नसतं." मी वहीत लिहिलं: भिंतीच्या पायथ्याशी सकाळी ९ पर्यंत. वरचं दिसत नसेल किंवा ९ वाजून गेले असतील तर परत. परतीची वाट: शेळ्यांच्या खिंडीतून आरोला.

२०१८ ची गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. त्या वर्षी एप्रिलअखेर याच शिखराच्या पलीकडे चौदा जणांना वादळानं गाठलं. रात्र उघड्यावर गेली आणि सात जण दगावले. विन्येतची झोपडी तिथून साधारण अर्ध्या किलोमीटरवर होती. बाबांनी ते स्वतःच कुठंतरी वाचलं होतं, हे मला खूप नंतर कळलं.

मध्येच स्किनची फजिती झाली. मागच्या मेमध्ये बॅग पत्र्याच्या खोलीत माळ्यावर टाकली होती. बाहेर बेचाळीस अंश, तर पत्र्याखाली किती असेल कोण जाणे. उघडल्या तर गोंद वितळून दोन्ही पट्ट्या एकमेकींना गच्च. ओढल्या तर गोंदाचे गठ्ठे निघाले, भाकरीचं पीठ हाताला चिकटावं तसे. जुना गोंद खरवडून नवा लावण्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून त्या फ्रिजमध्ये असतात, कोथिंबिरीशेजारी. आईनं पहिल्यांदा पिशवी उघडली तेव्हा तिला वाटलं मी कुठल्या जनावराचं कातडं आणून ठेवलंय.

खरा अभ्यास विहिरीवर झाला. औशाजवळच्या आमच्या शेतात काकांची पन्नास फुटी विहीर आहे, दगडी बांधणीची. हिमनदीच्या भेगेत माणूस पडला तर वरच्यांनी त्याला दोरानं कसं काढायचं, याचा सराव इथेच करायचं ठरलं. नांदेडचा मित्र हार्नेस घालून पंधरा फूट खाली लटकला. मी वर, कडुनिंबाला दोर बांधून. सरळ ओढायला गेलो तर तो जागचा हलेना. ऐंशी किलोचा माणूस, त्यात विहिरीच्या काठावर दोर घासत होता. काका बांधावर बसून बघत होते. उठले आणि न बोलता एक गोणपाट आणून काठावर दोराखाली सारलं. नेमकं हेच हिमनदीवर करायचं असतं. तिथे काठ मऊ असतो, दोर बर्फात रुतून करवतीसारखा आत जातो, म्हणून खाली स्की नाहीतर काठी सरकवायची. पुस्तकात यावर अर्धं पान आहे.

मग कप्प्या लावून दोराचा इंग्रजी झेडसारखा वळसा केला. यात तीन हात दोर ओढला की माणूस एक हात वर येतो आणि जोर तिसरा हिस्सा लागतो. कागदावर. घर्षण धरलं तर तेवढा फायदा मिळत नाही, पण मित्र हलला. काकांच्या लहानपणी याच विहिरीवर मोट होती. धावेवरून बैल पुढे जायचे, नाडा ताणला जायचा आणि थारोळ्यात पाणी पडायचं. ते म्हणाले, "हे मोटेपेक्षा लई हळू हाय. पर बैलं लागत न्हाईत."

हिमनदीवर कडुनिंब नसतो हे मी सांगितलं. तिथे बर्फात आडवा चर खणून त्यात स्की पुरायची आणि तिच्या मध्याला पट्टा बांधायचा. काकांना ते पटलं. त्यांनी ढेकळात एक खुंटा उभा ठोकला आणि एक आडवा पुरला. उभा आम्ही दोघांनी मिळून उपटला. आडवा हलला नाही. दुपारपर्यंत मित्राला सहा वेळा वर काढलं. सातव्या वेळी तो म्हणाला की आता तू लटक. खाली लटकून वर बघितल्यावर विहिरीचं तोंड ताटाएवढं दिसतं आणि वरच्यांचं बोलणं एक अक्षर कळत नाही. खुणा ठरवायला हव्यात, हे तिथे सुचलं.

बीकनचा सराव त्यामानानं गंमतीचा झाला. प्रत्येकाच्या छातीवर एक छोटा रेडिओ असतो, जगभर एकाच ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा. कोणी हिमस्खलनात गाडला गेला तर बाकीच्यांनी आपले संच शोधावर टाकून त्याला हुडकायचं. हातात असतात पहिली दहा-पंधरा मिनिटं. नंतर जगण्याची शक्यता झपाट्यानं उतरते. सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगात डब्यात घालून एक संच पुरला. संचातला बाण सरळ रेषेत नेत नाही, वाकड्या वाटेनं नेतो, हे ठाऊक नसलं तर माणूस गोंधळतो. मी चार मिनिटं घेतली. पुतण्या बारा वर्षांचा, त्यानं अडीच मिनिटांत काढला. मग सगळ्यांच्या अंगाला दोन दिवस खाज.

व्हिसा, विमा, रजा यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मिळालं सगळं.

एप्रिलात शामोनीशेजारच्या आर्जांतिएरहून निघालो. पूर्वी रोपवेनं थेट वर जाऊन सुरुवात व्हायची. २०१८ मध्ये मधल्या स्टेशनला आग लागली आणि आम्ही गेलो तेव्हाही वरचा टप्पा बंदच होता, त्यामुळे पहिला दिवस हिमनदीवरून झोपडीपर्यंतच. दुसऱ्या दिवशी शार्दोनेची खिंड, ३,३२३ मीटर. पलीकडचा उतार इतका उभा की गाइडनं एकेकाला दोरावर खाली सोडलं. लटकल्यावर पहिला विचार काकांच्या गोणपाटाचा आला.

मग सालेनाची खिंड ओलांडून त्रियांचं पठार. इथे मला एक गोष्ट कळली, ती नकाशात नव्हती. पठार म्हणजे खरंच पठार, ताटासारखं सपाट, पांढरं, निवांत. जरा बाजूला जाऊन मी काठी टेकवली तर ती मुठीपर्यंत आत गेली. खाली काहीच नव्हतं. गाइड ओरडला. मी मागे सरलो. छिद्रातून आत पाहिलं तर निळा काळोख. वर हातभर बर्फाचा पूल, बस.

भीती वाटली, पण अनोळखी नाही वाटली. आमच्या काळ्या रानाला मेमध्ये भेगा पडतात. लहानपणी आम्ही त्यांत तुराट्या घालून खोली मोजायचो. पूर्ण तुराटी आत जायची. आजी म्हणायची की चप्पल घातल्याशिवाय भेगाळल्या रानात जायचं नाही, पाय मुरगळतो आणि खाली नाग असतो. फरक एवढाच की आमच्या भेगा उघड्या असतात, दिसतात. इथे थंडीत पडणारा बर्फ भेग झाकून टाकतो. सकाळी थंडीत पूल टणक, दुपारी उन्हानं तोच मऊ. म्हणून अंधारात निघायचं आणि दुपारच्या आत झोपडी गाठायची. सगळ्या वेळापत्रकामागं हेच कारण.

वेर्बिएर, मोंफोर, रोझाब्लांश हे दोन दिवस हवा छान, पायाला फोड, याखेरीज सांगण्यासारखं फार नाही. प्राफ्लरीच्या झोपडीहून रू नावाची खिंड चढलो आणि खाली दिसचा तलाव आला, गोठलेला, लांबच्या लांब. टोकाला ग्रांद दिक्सांसचं धरण: २८५ मीटर उंच, काँक्रीटचं, १९६१ मध्ये पुरं झालेलं. म्हणजे देवगिरीचा डोंगर त्यापुढं ठेवला तर बुटका दिसेल. फोटो काढून बाबांना पाठवला. मिनिटभरात उत्तर आलं: दारं कुठं आहेत?

थांबून बोलायला वेळ नव्हता. तलावाच्या काठानं जाणारी आडवी वाट वरच्या उतारांच्या अगदी तोंडाखाली आहे आणि ऊन लागायच्या आत ती संपवावी लागते. दोघांमध्ये अंतर ठेवून, न बोलता, तासभर. डोंगराकडची स्की वर, दुसरी खाली, एका बाजूचा घोटा सतत मुडपलेला. त्यापेक्षा भिंत बरी.

दिसच्या झोपडीत पाणी विकत. आजूबाजूला मैलोनमैल बर्फ, पण नळ नाही. बर्फ वितळवायला इंधन लागतं आणि इंधन हेलिकॉप्टरनं येतं. दीड लिटरच्या बाटलीला तेव्हा दहा-बारा फ्रँक, म्हणजे हजार रुपयांच्या आसपास. मित्र म्हणाला, "लातूरच्या टँकरवाल्याला इथलं सांगू नकोस." संध्याकाळी पाचला दावोसच्या संस्थेचा हिमस्खलनाचा अंदाज आला: पाचपैकी तीन, दुपारनंतर ढग.

पहाटे मित्राच्या फोडावर पट्टी करण्यात अर्धा तास गेला. शेलोंची हिमनदी दोरानं बांधून ओलांडली. बर्फ रात्रीच्या थंडीनं काचेसारखा झालेला. स्कीला दात बसवूनही पाय घसरत होते. सर्पांतीनच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं. भिंतीचा खालचा भाग दिसत होता. वरचा अर्धा ढगात, मधूनच उघडत होता, झाकत होता. आमच्या पुढे सहा जणांची एक रांग वर चाललेली.

गाइडनं विचारलं, "तुझ्या वहीत काय लिहिलंय?" पहिल्या दिवशी झोपडीत मोठ्या अभिमानानं मीच त्याला ती वही दाखवली होती. मी काढली नाही. म्हटलं, वीसच मिनिटं उशीर आहे, ते सहा जण चाललेत की. त्यानं उत्तर दिलं नाही. खाली वाकून डाव्या स्कीची स्किन सोलायला लागला. ती सोलताना होणारा चर्रर्र आवाज मला अजून आठवतो. मित्रानंही काढली. मी सगळ्यात शेवटी.

शेळ्यांच्या खिंडीला अलीकडून, हिमनदीच्या बाजूनं, लोखंडी शिड्या आहेत, त्या चढून जायच्या. स्की पाठीवर, तोंड शिडीकडे, खाली बघायचं नाही. पलीकडे उतरून आरोलाला पोचेपर्यंत मी कोणाशी धड बोललो नाही. दुपारी तीनच्या सुमाराला ढग फाटले. गावातून पिन्य दारोला स्वच्छ दिसत होता, उन्हात, दुधासारखा. ते सहा जण तोवर विन्येतला बसून सूप पीत असणार. गाइडनं तिकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि कॉफी मागवली. चूक कोणाची, हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. पुढचे दोन दिवस वर वारा एवढा की जाणं शक्यच नव्हतं. माझी रजा संपली. झरमॅट राहिलं.

बाबांना फोनवर सांगितलं की भिंतीपासून परत आलो. ते म्हणाले, "किती वाजले होते?" मी सांगितलं. "हं," म्हणाले आणि आईकडं फोन दिला.

सराव संपल्यावर तीस मीटरचा जुना दोर आणि दोन कप्प्या मी काकांकडेच ठेवून आलो होतो. जूनमध्ये त्यांचा फोन आला. विहिरीतली पाणबुडी मोटर जळली होती. माणसं मिळेनात, मग त्यांनी आणि पुतण्यानं काठावर गोणपाट टाकून, कडुनिंबाला बांधून, तो झेड लावला. "तीन हात वढलं की एक हात," काका म्हणाले, "पर आली वर." दोराला ग्रीस लागलंय आणि एका जागी दगडानं वरचं आवरण कापलंय. तो आता विहिरीचाच झाला. मी नवा मागवलाय. विन्येत ते झरमॅटचे तीन चढ वहीत मोजून झालेत, परत फिरायच्या वेळा अजून लिहायच्या आहेत.